कॅथलिक श्रद्धा मानवी हक्कांबद्दल नेमकं काय सांगते?

मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं एक ठराव केला. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावामागचा विचार असा, की नवरा असताना ही बाई माणूस म्हणून जेवढ्या मोलाची होती तेवढ्याच मोलाची ती आजही आहे, आणि तसं वागवून घेण्याचा तिला हक्क आहे.

हेरवाडकरांनी हे कुठल्या चर्चकडून घेतलं नाही. ते शाहू महाराजांच्या मातीतून आलं. पण मानवी हक्कांबद्दल कॅथलिक शिकवण जे सांगते त्याची सुरुवात नेमकी इथूनच होते, म्हणून आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आधी घेतलं. कोल्हापुरात ख्रिस्ती म्हटलं की लोकांना अमेरिकन मिशन आठवतं, १८५२ मध्ये आलेले वायल्डर आणि त्यांच्या नावाचं चर्च आठवतं. ती प्रॉटेस्टंट परंपरा. आम्ही कॅथलिक इथे थोडे. कॉन्व्हेंट शाळेपलीकडे आमचा शेजाऱ्यांशी फारसा संबंध येत नाही आणि आमची शिकवण काय आहे हे कुणी विचारतही नाही. ती नीट सांगावी असं मला फार दिवस वाटत होतं.

बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात, देवानं माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवलं, नर आणि नारी अशी दोघं घडवली, असं वचन आहे. बाकीचं सगळं या एका वचनावर उभं आहे. त्यात कुठलीही अट नाही. जात, शिक्षण, धर्म, तब्येत, चारित्र्य, कशाचाही उल्लेख नाही. जे अट न घालता मिळालं ते अट मोडली म्हणून काढून घेता येत नाही. दुसरं वचन ख्रिस्ताचं, मत्तयच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायातलं. भुकेल्यासाठी, परक्यासाठी, आजाऱ्यासाठी, तुरुंगातल्या माणसासाठी तुम्ही जे केलंत ते माझ्यासाठी केलंत, असं तो सांगतो. तुरुंगातला माणूस निर्दोष होता असं तिथे म्हटलेलं नाही, हे मला दरवेळी वाचताना जाणवतं.

एप्रिल २०२४ मध्ये व्हॅटिकननं मानवी प्रतिष्ठेवर एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. नाव लॅटिन, ‘दिग्निटास इन्फिनिटा’. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला पंचाहत्तर वर्षं झाली, ते त्याचं निमित्त. त्यात प्रतिष्ठेचे चार अर्थ वेगळे केले आहेत. पहिली प्रतिष्ठा माणूस असण्याचीच. ती कुणी देत नाही, कुणाला घालवता येत नाही. दुसरी नैतिक, म्हणजे आपल्या वागण्यानं मिळणारी किंवा जाणारी. तिसरी सामाजिक, म्हणजे माणसाला ज्या परिस्थितीत जगावं लागतं तिच्याशी जोडलेली. चौथी माणसाच्या आतल्या अनुभवाची. पोटापाण्याला सगळं आहे, तरी आजारपणानं किंवा एकटेपणानं आपलं जगणं कवडीमोल झालंय असं एखाद्याला वाटतं, तेव्हा ही चौथी धोक्यात असते.

ही विभागणी फार कामाची आहे, कारण रोजच्या वादात आपण नेमके हेच अर्थ एकमेकांत मिसळतो. कळंब्याच्या कारागृहात गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगणाऱ्या कैद्याचं उदाहरण घ्या. त्यानं आपली नैतिक प्रतिष्ठा घालवली असेल, आणि चर्च पाप झाकून ठेवायला सांगत नाही. पण पहिली प्रतिष्ठा त्याच्याकडे शाबूत आहे. म्हणून त्याला मारहाण करता येत नाही, औषध नाकारता येत नाही, उपाशी ठेवता येत नाही. याच तर्कानं २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथात बदल केला. फाशीची शिक्षा माणसाच्या प्रतिष्ठेवर घाला घालते, त्यामुळे ती स्वीकारता येत नाही, असं आता तिथे लिहिलेलं आहे. चर्चनं शतकानुशतकं फाशीला मुभा दिली होती, तेव्हा हा बदल लहान नव्हता. हेरवाडच्या बाईचं उलटं आहे. तिचं चारित्र्य, तिचं माणूसपण, दोन्ही जागच्या जागी होतं. गावाच्या रीतीनं तिची सामाजिक प्रतिष्ठा हिरावली होती आणि गावाच्याच ठरावानं ती परत देण्याचं ठरवलं.

प्रतिष्ठेपासून हक्कांपर्यंत कसं पोचायचं? पोप तेविसावे जॉन यांनी ११ एप्रिल १९६३ रोजी ‘पाचेम इन तेर्रिस’, म्हणजे ‘पृथ्वीवर शांती’, हे विश्वपत्र काढलं. विश्वपत्र म्हणजे पोप साऱ्या चर्चला उद्देशून लिहितात ते महत्त्वाचं पत्र. हे मात्र त्यांनी फक्त कॅथलिकांना लिहिलं नाही, सद्भाव असलेल्या सगळ्या माणसांना लिहिलं. क्युबावरून अमेरिका आणि रशिया अणुयुद्धाच्या काठावर जाऊन आले त्याला तेव्हा सहा महिनेच झाले होते. पोप स्वतः कॅन्सरनं आजारी होते, जूनमध्ये ते वारले. या पत्रात हक्कांची मोठी यादी आहे. जगण्याचा हक्क, अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार, विश्रांती. आजारपणात, अपंगत्वात, वैधव्यात, म्हातारपणी, बेकारीत आधार मिळण्याचा हक्क. शिक्षणाचा, संघटनेचा, आपल्या विवेकाप्रमाणे देवाची उपासना करण्याचा हक्क. बायका घरात आणि सार्वजनिक जीवनात माणूस म्हणून आपले हक्क मागताहेत, हे काळाचं लक्षण आहे, असंही जॉन लिहितात. आणि प्रत्येक हक्काला कर्तव्य बांधलेलं आहे. तुला जगण्याचा हक्क, तर माझ्यावर तुझं जगणं जपण्याचं कर्तव्य.

यातला माझ्या मते आपल्या भागाला सगळ्यात जवळचा मुद्दा कष्टकऱ्यांचा आहे.

दिवाळीच्या सुमाराला कोल्हापूर जिल्ह्यात बीड आणि मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, म्हणजे हंगामाआधीच अंगावर कर्ज असतं. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो, मजुरी टनावर. एक दिवस काम चुकलं तर खाडा, म्हणजे पैसे मिळायचे सोडून वर कापले जायचे. बाई उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहते, पहाटे उठून भाकऱ्या थापते, पण हिशोबात तिचं नाव वेगळं येत नाही. पाळीत काम बुडू नये म्हणून बीड जिल्ह्यातल्या कितीतरी बायकांनी तरुण वयात गर्भाशय काढून घेतल्याचं २०१९ मध्ये उघड झालं, त्यावर सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पोरं कोपीत वाढतात, हंगामाबरोबर शाळा मागे राहते.

कारखाना म्हणू शकतो की मजुरांनी उचल स्वतःहून घेतली, करार राजीखुशीचा आहे. १५ मे १८९१ रोजी पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरूम नोव्हारुम’ हे विश्वपत्र लिहिलं तेव्हा युरोपातले गिरणीमालक हेच म्हणत होते. लिओंनी त्यांना उत्तर दिलं. मजूर आणि मालक यांनी हवा तो करार करावा, पण त्यावर निसर्गाचाच एक मोठा न्याय आहे. साधेपणानं राहणाऱ्या मजुराचं पोट भरेल त्याहून मजुरी कमी असता कामा नये. गरजेपोटी किंवा याहून वाईट होईल या भीतीनं माणसानं कमी मजुरी पत्करली, तर तो जबरदस्तीचा आणि अन्यायाचा बळी आहे. म्हणजे सही केली म्हणून न्याय झाला असं होत नाही. मजुरांनी संघटना बांधणं हा त्यांचा नैसर्गिक हक्क आहे आणि सरकारनं त्यांच्यावर बंदी घालू नये, हेही त्यात आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचं हे लिखाण मला उसाच्या फडावर उभं राहून लिहिल्यासारखं वाटतं. लिओ त्यात प्रेषित याकोबाच्या पत्राचा दाखलाही देतात. तुमच्या शेतात कापणी करणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवलीत ती ओरडते आहे, आणि त्या कापणी करणाऱ्यांचा आक्रोश परमेश्वराच्या कानी गेला आहे.

‘रेरूम नोव्हारुम’ला नव्वद वर्षं झाली तेव्हा, १९८१ मध्ये, पोप दुसरे जॉन पॉल यांनी श्रमावर नवं विश्वपत्र लिहिलं. नाझींच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये त्यांनी तरुणपणी दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात काम केलं होतं. मे महिन्यात ते निघायचं होतं, पण १३ मेला त्यांच्यावर गोळीबार झाला आणि ते सप्टेंबरात बाहेर पडलं. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, हे त्याचं सार. त्यामुळे कामाची किंमत ठरवताना काय बनलं याच्या आधी कुणी बनवलं हे बघायला हवं. शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीपुढे उभा राहणारा, इचलकरंजीत रात्रपाळीला माग चालवणारा, हुपरीत चांदीकाम करणारा, हे सगळे त्या पत्राचे वाचक आहेत. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनीही चौदावे लिओ हे नाव मुद्दाम घेतलं. तेराव्या लिओंपुढे यंत्रयुगातल्या कामगारांचा प्रश्न होता, आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात श्रमाचं आणि माणसाच्या प्रतिष्ठेचं काय, हा प्रश्न आहे, असं त्यांनी स्वतः सांगितलं.

या शिकवणीत आणखी एक सूत्र आहे, ते १९३१ मध्ये पोप अकरावे पायस यांनी स्पष्ट मांडलं. जे खालच्या पातळीवर नीट होऊ शकतं ते वरच्यानं बळकावू नये, आणि खालच्याला झेपत नसेल तिथे वरच्यानं हात द्यावा. हेरवाडला ग्रामसभेनं ठरवलं, मग राज्यानं पाठबळ दिलं. हा क्रम चर्चच्या दृष्टीनं बरोबर आहे.

आता अवघड भाग. चर्च पहिल्यापासून हक्कांच्या बाजूनं उभं होतं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. १४५२ आणि १४५५ मध्ये पोप पाचवे निकोलस यांनी पोर्तुगालच्या राजाला बिगरख्रिस्ती लोकांचे प्रदेश जिंकायची आणि त्यांना गुलाम करायची परवानगी देणारे फर्मान काढले. त्यातून जे झालं ते भयंकर होतं. १५११ च्या डिसेंबरात आजच्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये आन्तोनियो दे मोन्तेसिनोस या डॉमिनिकन संघाच्या धर्मगुरूनं व्यासपीठावरून स्पॅनिश मालकांना, त्यांनी राबवलेल्या आदिवासींबद्दल, विचारलं, ‘ही माणसं नाहीत का?’ त्याच स्पॅनिशांपैकी बार्तोलोमे दे लास कासास पुढे बदलला, त्यानं आपल्याकडच्या गुलामांवरचा ताबा सोडला आणि उरलेलं आयुष्य आदिवासींची बाजू मांडण्यात घालवलं. १५३७ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी जाहीर केलं की हे लोक खरी माणसं आहेत, ते ख्रिस्ती नसले तरी त्यांचं स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावता येत नाही. गुलामगिरी तरीही शतकं चालली. जुन्या फर्मानांवर उभा राहिलेला ‘शोधाचा सिद्धांत’, म्हणजे ख्रिस्ती राजांनी ‘शोधलेली’ जमीन त्यांचीच हा दावा, व्हॅटिकननं उघडपणे नाकारला तो मार्च २०२३ मध्ये. फार उशीर झाला.

धर्मस्वातंत्र्याबाबतही तसंच. १८६४ मध्ये पोप नववे पायस यांनी चुकांची जी यादी काढली, तिच्यात प्रत्येकाला आपल्या बुद्धीला पटेल तो धर्म स्वीकारण्याची मोकळीक असावी हे मतही होतं. शंभर वर्षांनी, ७ डिसेंबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, बरोबर उलट दिशेचा दस्तऐवज मंजूर केला. धर्माच्या बाबतीत कुणावरही जबरदस्ती होता कामा नये, हा माणसाचा हक्क त्याच्या प्रतिष्ठेतूनच येतो, आणि राज्याच्या कायद्यानं तो मान्य करायला हवा, असं त्यात आहे. आपल्याकडे यातलं एक कलम विशेष लक्षात ठेवण्याजोगं आहे. श्रद्धेचा प्रसार करताना बळजबरीची, लबाडीची किंवा न शोभणारी छटासुद्धा टाळावी, गरीब आणि अशिक्षित माणसांच्या बाबतीत तर नक्कीच, असं परिषद सांगते. म्हणजे आमिष दाखवून धर्मांतर करणारा स्वतःच्याच चर्चची शिकवण मोडतो. आणि कुणी मनापासून श्रद्धा बदलली तर त्याला धमकावणं, त्याच्या प्रार्थनेवर हल्ला करणं, हेही त्याच तत्त्वानं चूक आहे. एकाच वाक्याचे हे दोन्ही अर्थ मला सारखेच महत्त्वाचे वाटतात.

वादाच्या आणखी जागा आहेत. पहिली प्रतिष्ठा गर्भातल्या जीवालाही आहे असं चर्च मानतं, म्हणून गर्भपात, सरोगसी, दयामरण यांना त्याचा विरोध आहे. हक्कांच्या चळवळीतल्या बऱ्याच जणांना इथे चर्च बाईच्या हक्कांच्या आड येतं असं वाटतं. मतभेद खरा आहे. पण स्थलांतरितांच्या, कैद्यांच्या, मजुरांच्या बाजूनं चर्च बोलतं ते ज्या मुळातून, हेही त्याच मुळातून येतं, एवढं समजून वाद घालावा. धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल मात्र दोन बाजू नाहीत. ज्यांच्या हाती मुलं विश्वासानं सोपवली त्यांनीच त्यांची प्रतिष्ठा चिरडली आणि वरिष्ठांनी ते अनेक ठिकाणी दडवलं. २०२४ च्या दस्तऐवजातही लैंगिक अत्याचारांनी चर्चलाही ग्रासलं आहे हे मान्य केलेलं आहे.

ही शिकवण कुणी जगलं का? सिस्टर राणी मारिया या केरळच्या धर्मभगिनी. मध्य प्रदेशात उदयनगर भागात त्या भूमिहीन आदिवासींना सरकारी योजना, कर्ज, कागदपत्रं समजावून सांगत, त्यामुळे सावकारांचं फावेना. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी भर बसमध्ये समंदर सिंग यानं सुरीनं भोसकून त्यांचा खून केला. पुढे त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी, तुरुंगात गेली आणि तिनं त्याला राखी बांधली. आईनंही त्याला क्षमा केली. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंदूरला राणी मारियांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं तेव्हा समंदर सिंग तिथे हजर होता.

फादर स्टॅन स्वामी झारखंडात कच्चे कैदी म्हणून वर्षानुवर्षं तुरुंगात पडलेल्या आदिवासी तरुणांसाठी न्यायालयात गेले होते. भीमा कोरेगाव प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांना अटक झाली, आरोप त्यांनी नाकारले. पार्किन्सन्समुळे हात थरथरत, ग्लास धरता येत नसे, म्हणून त्यांनी पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर मागितला, तो मिळायला काही आठवडे गेले. ५ जुलै २०२१ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी ते मुंबईच्या रुग्णालयात वारले. खटला उभाच राहिला नव्हता. आणि आपल्या मराठीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून लोक त्यांना ओळखतात, पण त्याआधी कितीतरी वर्षं त्यांनी हरित वसईसाठी, म्हणजे वसईची शेती-वाडी आणि पाणी बिल्डर-गुंडांच्या घशात जाऊ नये म्हणून, धमक्या झेलत लढा दिला.

ज्याची ख्रिस्तावर श्रद्धा नाही त्यानं हे का मानावं? चर्चचं उत्तर असं, की ही प्रतिष्ठा बुद्धीलाही दिसते, तिच्यासाठी बाप्तिस्मा लागत नाही. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या आधी युनेस्कोनं वेगवेगळ्या परंपरांच्या विचारवंतांची मतं मागवली होती. त्या कामात असलेले फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ झाक मारितँ यांनी सांगितलं आहे, की सगळे हक्कांच्या यादीवर सहमत होते, फक्त ‘का’ असं कुणी विचारू नये एवढी त्यांची अट होती. १० डिसेंबर १९४८ ला संमत झालेल्या त्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ अशा अर्थाच्या शब्दांऐवजी ‘सर्व मानव’ असं घालायला लावणाऱ्या हंसा मेहता भारतीय होत्या. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ आहे. आणि कोल्हापूरला तर ‘का’चं उत्तर त्याहून आधी मिळालेलं होतं. १९०२ मध्ये निम्म्या जागा राखीव, १९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले, मार्च १९२० मध्ये माणगावला शाहू महाराज आणि बाबासाहेब एका व्यासपीठावर.

त्या परंपरेसमोर उभं राहताना आम्हा कॅथलिकांना एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं, तो म्हणजे आमच्यातल्या जातीचा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती आधी मुख्यतः हिंदूंनाच होत्या. १९५६ मध्ये शीख, १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लीम दलित अजून बाहेर आहेत. म्हणून दरवर्षी १० ऑगस्टला चर्च काळा दिवस पाळतं. २०२२ मध्ये केंद्रानं न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग या प्रश्नासाठी नेमला. मागणी रास्त आहे, कारण धर्म बदलल्यानं गावातली वागणूक बदलत नाही. पण चर्चच्या आतही ती पुरती बदललेली नाही. तमिळनाडूत काही ठिकाणी दलितांची दफनभूमी वेगळी आहे. डिसेंबर २०१६ मध्ये भारतीय बिशप परिषदेनं दलित सबलीकरणाचं धोरण काढून आपल्यातही अस्पृश्यता आहे हे लेखी मान्य केलं. भारताला पहिले दलित कार्डिनल (पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी), हैदराबादचे अँथनी पूला, मिळायला ऑगस्ट २०२२ उजाडलं. दिल्लीकडे सवलती मागणारा अर्ज आणि आपल्याच दफनभूमीतली भिंत पाडण्याचा ठराव, ही दोन्ही कामं चर्चला एकाच वेळी करावी लागतील, आणि दुसऱ्यासाठी कुठल्याही आयोगाची वाट बघायची गरज नाही.